तुझ्या गाडीत डिझेलचं इंजिन

बा, तुझं इंजिन आम्ही काढलं. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तू मधूनच उठून अंगणात जायचा नाहीस. गाडी तीच आहे, हिरवी, लांब, मागं समोरासमोर दोन बाकडी असलेली, चारही चाकांनी चिखल तुडवणारी. बॉडी तीच, स्टिअरिंग तेच, दाराची कडी अजून तशीच, दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पण बॉनेटखाली आता डिझेल आहे. झालं, बोलले. तुला काय ओरडायचं ते ओरड. तू जाऊन बावीस वर्षं झाली, आर्णीच्या शाळेतून मी रिटायर होऊनही दोन वर्षं झाली, तरी हे लिहायला बसताना आधी दार लावून घेतलं. साठीची बाई मी, आणि बापाला भिते!

झालं असं, की तांड्यावरचा आपला टिनाचा शेड रस्त्यात जाणार होता. दिवाळीच्या आत रिकामा करा म्हणून रस्त्याचे साहेब सांगून गेले. तुझी गाडी त्या शेडात कोंबड्यांची झाली होती. स्टिअरिंगवर एक कोंबडी बसलेली मी स्वतः पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर अगदी तुझा रुबाब होता. कबाडी दोनदा येऊन भाव विचारून गेला. तिसऱ्या वेळी त्यानं टायरला लाथ मारून पाहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊ, लाथा मारायच्या असन तर आपल्या घरच्या गाडीले मारा." तो गेला, आणि मी धाकट्याला फोन लावला. तुझा धाकटा पोरगा, ज्याला तू चारचौघांत 'डिझेलवाला' म्हणून हिणवायचास, त्याचं पांढरकवड्याला हायवेवर स्वतःचं गॅरेज आहे. अर्ध्या रात्री कुठं ट्रक बंद पडला तर लोक आधी त्याला आठवतात. तो दुसऱ्या दिवशी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि टोचन लावून ओढत घेऊन गेला.

तू पेट्रोल का सोडलं नाहीस ते मला ठाऊक आहे. आपल्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. त्याला आपल्यात लदेणी म्हणतात. जंगलखात्याच्या लिलावातून ही गाडी घेऊन आलास त्या दिवशी याडी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती. आईला आपल्या घरात याडीच म्हणायचं. तिला तू म्हणालास, "हे पाय, माही लदेणी." बाजाराच्या दिवशी माणसं, तुरीची पोती, कोंबड्या. एरवी जंगलातल्या पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, अडलेल्या बाया. रस्ता कसला, नाल्यातून आणि गोट्यांवरूनच तू दवाखाना गाठायचास. पुढं सगळ्या जीपवाल्यांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली, खर्च निम्म्यावर आला. तुला त्यांनी वेड्यात काढलं. तू म्हणायचास, "डिझेल हादरते लेका. मागं पोटुशी बाई हाये, कापसाची गठाण नाही." आमच्यासमोर याडी तुला चिक्कार बोलायची, पण तांड्यातल्या बायांत हे वाक्य ती स्वतःचं असल्यासारखं सांगायची.

आता पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी. जुवाखाली घासलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तू तोच हळदीचा हात गाडीच्या मडगार्डवर फिरवायचास आणि तिलाही आवतन द्यायचास. लोक खो खो हसायचे. त्या वर्षी तू पोडावरच्या एका बाईला दवाखान्यात पोचवून आलास तेव्हा गाडी तापून वाफ टाकत होती. तू थेट गोठ्याकडे गेलास. धाकटा अकरा वर्षांचा. त्याचं म्हणणं, बैलांना शेकायच्या आधी आंघोळ घातली, मग हिला कोण घालणार? बॉनेट उघडून त्यानं विहिरीच्या गार पाण्याची बादली इंजिनावर रिकामी केली. मग दुसरी पडली, आणि टण्ण करून इंजिनाला तडा गेला. तू धावत आलास. त्याला मारलं नाहीस. सगळ्या तांड्यासमोर एवढंच म्हणालास, "याचा हात पुन्हा इंजिनाले लागू देऊ नका कोणी." बा, मारलं असतंस तर तो दोन दिवसांत विसरला असता. आणि ऐक, दुसरी बादली मी ओतली होती. मी पंधरा वर्षांची घोडी, मला कळायला हवं होतं. तू आलास तेव्हा बादली माझ्या हातात नव्हती, एवढंच. धाकट्यानं माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि आजवर नाही.

तू तड्यात पितळ भरून घेतलंस, आणि पाण्याचा डबा सोबत ठेवून गाडी पुढं कितीतरी वर्षं चालवलीस. मला मास्तरीण व्हायला यवतमाळला सोडायला गेलास तेही तिनंच. मी पुढं तुझ्या शेजारी, धाकटा मागच्या बाकड्यावर माझी पेटी धरून. घाटाखाली गाडी थांबवून तू पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनावर टेकवलंस आणि मूठ माझ्या कानाला लावलीस. "आयक," म्हणालास. आत बारीक, एकसारखी टकटक चालली होती. तुझा चेहरा असा खुलला होता, की जसं काही ते इंजिन तुझ्याच पोटचं. मागून धाकटा म्हणाला, "बा, मलेही आयकू दे ना." तू बॉनेट लावून घेतलंस. मला तेव्हा माझाच मोठेपणा वाटला, हे आता लिहायला जड जातं. त्यानंतर दोनच वर्षांनी तो शाळा सोडून हायवेवर ट्रकच्या खाली शिरला.

तर गॅरेजात त्यानं इंजिन उतरवलं, ब्लॉक रॉकेलनं धुतला. तुझं पितळ सोडून तडा पार सिलिंडरपर्यंत गेला होता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं, खाली फतकल मारून बसला आणि म्हणाला, "हा माहाच हाये." मी रॉकेलची चिंधी पिळत बसले. यवतमाळचा लेथवाला म्हणाला, याला आता टाका बसत नाही. मग धाकटा नागपूरच्या भंगारबाजारातून त्याच जातीचं पेट्रोल इंजिन शोधून घेऊन आला. उघडलं तर आतली क्रँक आपल्या तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाच्या कमरेसारखी वाकलेली. एका गिऱ्हाइकानं सुचवलं, नव्या गाडीचं दांडगं इंजिन टाका. धाकटा म्हणाला, "म्हाताऱ्याले एवढं चारलं तर गिअरबॉक्स ओकून टाकन." राहिलं एकच. त्याच्याच गॅरेजात ताडपत्रीखाली एक डिझेल इंजिन होतं, मोडीत गेलेल्या पिकअपचं, त्यानं स्वतः नट न् नट खोलून बांधलेलं. ते कसं बसेल हे तो मी न विचारताच सांगत गेला. गिअरबॉक्सच्या मधे लेथवर एक प्लेट करून घ्यावी लागेल, वजन वाढेल म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा जास्त, आणि खाली टेकायला जाड, मऊ रबर, म्हणजे हादरा बॉडीत येणार नाही. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. आणि शेवटी म्हणाला, "पण टाकाचं नाही."

"काहून?"

"बाले चालत नोहतं."

"अरे, बा आता आहे का विचारायला?"

"म्हणूनच. जित्तेपणी त्यानं मले हात लावू देला नाही, आता मेल्यावर जबरदस्ती करू काय? देऊन टाक कबाड्याले."

बा, मला त्याचा संताप आला आणि तुझा तर त्याहून जास्त. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर केस उरले नाहीत, हाताखाली चार मिस्त्री, आणि अजून तुझ्या परवानगीसाठी अडून बसलेला! गाडी कापली गेली असती, त्याला त्याचं दुःख झालं असतं, पण तो आयुष्यभर तसाच बसून राहिला असता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बानंच सांगितलं होतं मला. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. इंजिन गेलं तर डिझेल टाका म्हणाला. धाकट्याकडून टाकून घ्या म्हणाला."

तू गेलास त्या दिवशी तो अदिलाबादच्या रस्त्यावर अडकलेला ट्रक सोडवायला गेलता. मी आर्णीहून बसनं यवतमाळच्या दवाखान्यात आधी पोचले, तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बावीस वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही, की बा काय बोलला. आता त्यानं हातातला पाना खाली ठेवला, चिंधीनं हात पुसले, पुसत राहिला. "तू आतापर्यंत काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं, "इंजिन कुठं गेलं होतं आतापर्यंत?" शिक्षकी पेशात एवढं सुचतं. "बरं," म्हणाला आणि ताडपत्री ओढून काढली.

दीड महिना तो त्या गाडीला असा लागला, की बायको म्हणाली, घरीच आणून झोपवा तिला. रबरं तीनदा बदलली. पहिल्यांदा चालू केली तेव्हा सगळं गॅरेज गोळा झालं. हादरते, बा. खोटं कायले बोलू? पण तू म्हणायचास तितकी नाही. मागच्या बाकड्यावर त्यानं पाण्यानं भरलेला लोटा ठेवला आणि हायवेपर्यंत जाऊन आला, बाकड्यावर चार थेंब सांडले. मग आम्ही दोघं तांड्यावर निघालो, मी पुढं, माझ्या जुन्या जागेवर. नाल्यापाशी त्यानं पुढच्या चाकांचा गिअर टाकला, गोट्यांवरून तिला अशी काही अलगद काढली, की मला वाटलं तूच चालवतोयस. पलीकडं चढून त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. समोर बघतच तो म्हणाला, "ताई, बा अजून काही म्हणला काय? माह्याबद्दल?"

मी म्हटलं, "म्हणाला ना. पोट्टा माह्यापेक्षा भारी मिस्त्री निघाला, म्हणाला."

तो टायर पाहायच्या निमित्तानं खाली उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. मी खिडकीतून पाहिलं नाही.

मी पोचले तेव्हा तुझी शुद्ध गेलेली होती, बा. तू माझ्याशीही एक शब्द बोलला नाहीस. मी तुझा हात धरून बसले होते आणि तो गार होत गेला, एवढंच आपलं शेवटचं बोलणं. तुझ्या तोंडी मी जे घातलं त्याची मला लाज वाटत नाही. ते तू बोलायला हवं होतंस, तुझ्या गळ्याशी आलं असेलही, पण पोरांचं कौतुक करताना तुझी जीभ नेहमीच जड व्हायची. आता तुझं वाक्य म्हणून ते धाकट्याकडं आहे आणि तो ते गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझी मला भीती नाही. पण धाकट्याला येतं. म्हणून हा कागद मी आता चुलीत घालते.