घरचे व्हिडिओ जरा नीट करायचेत

लालबाग

प्रिय कादंबरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, याचंच बरं वाटलं. फोन केला असता, पण आपल्या दोन खोल्यांत काय बोललं की कोणाला ऐकू जातं हे तुला माहीत आहे. तुझी आई परवा दादरला भाजी घेताना भेटली. तुझी नवी नोकरी, नवी जागा, सगळं तिनं सांगितलं आणि पत्ताही तिनंच दिला. तिच्यावर रागावू नकोस.

आधी मला माझं डोकं रिकामं करू दे. विनीतच्या बाबांनी दिवाळीपासून कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. व्हिडिओ एडिटिंगसाठी. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी नाद हवा, म्हणून मी आधी खूश होते. पण नंतर जेवायला बसलं की रॅम, झोपायला गेलं की ग्राफिक कार्ड. सोळा जीबी पुरेल की बत्तीस हवी, हे मला विचारायचे. मला, जिला मोबाइलवर तुझा फोटो शोधायचा तर शेजारच्या आनंदीबाईंना बोलवावं लागतं. त्यात पुतण्या वरद. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. तो म्हणाला, काका, लॅपटॉप नको, तापतो, डेस्कटॉपच घ्या आणि पार्ट आणून जोडून घ्या. झालं, लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या सुरू. एका दुकानात सांगायचे प्रोसेसर महत्त्वाचा, दुसऱ्यात सांगायचे कार्ड महत्त्वाचं, आणि घरी येऊन हे माझ्यावर चिडायचे. तुला सून करून आणताना केली नव्हती एवढी चौकशी ह्यांनी त्या डब्याची केली.

शेवटी दादरचा हितेंद्र म्हणून एक दुकानदार ह्यांना पटला. त्यानं सरळ विचारलं, ‘काका, यावर करणार काय ते सांगा ना. फोर-के वगैरे शूट करता का?’ हे म्हणाले, घरचे व्हिडिओ आहेत, जरा नीट करायचेत. तो हसला, म्हणाला, मग एवढा खर्च कशाला, साधं मशीन धावेल. हे ऐकतायत थोडेच. अक्षय्यतृतीयेला एका बाजूला काच असलेला, आत लाल-निळे दिवे लागणारा एक भलामोठा डबा घरात आला. तुझ्या शिलाई मशीनची जागा त्याला दिली. मी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि वाटलं, सुटले.

नीट करायचेत म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. विनीतचं लग्न ठरलंय. तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून कळावं असं मला वाटत होतं. मुलगी अँटॉप हिलची, रुपाली नाव. चांगली आहे, आणि तुझ्याबद्दल तिला पहिल्याच भेटीत सांगितलंय. तिनं कसलीच अट घातली नाही. पण ह्यांनीच परस्पर ठरवलं, की नवी सून घरात यायच्या आत घरच्या व्हिडिओंतून तू निघायला हवीस. यासाठी तो डबा. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आणि अजूनही धड बोलत नाही. तुझं नि विनीतचं जमलं नाही, वेगळे झालात, ठीक आहे. म्हणून तू आमच्याकडे राहिलीच नव्हतीस का?

बसले हे शिकायला. सत्यनारायणातून तुला काढलं, तर माझा अर्धा खांदा गेला. अलिबागच्या सहलीतून काढलं, तर तिथे नुसता समुद्र उरला. मग तुझी पहिली गौर आली. तुला आठवतं, मागच्या देवळाच्या विहिरीवरून तू तेरड्याची गौर घेऊन निघालीस, एक शब्द न बोलता. मी दारात पाय धुतले, गौर कशाच्या पावली आली म्हणून विचारलं, आणि तू उत्तर विसरलीस. मग मागून ह्यांनीच सांगितलं, सोन्याच्या पावली. कॅमेरा ह्यांच्याच हातात होता, त्यामुळे ह्यांचा आवाज सगळ्यात मोठा येतो. आता त्यातून तू काढायची म्हणजे काय करायचं? आधी दार दिसतं, कुंकवाची पावलं दिसतात, आणि एकदम गौर पाटावर बसलेली. मग नुसता तेरडा मोठा करून पाहिला, तर त्याखाली तुझे हात, हिरवा चुडा. हात काढले की गौर हवेत. गौर आपली आपण चालत येत नाही, ती कोणीतरी आणावी लागते, एवढं साधं ह्यांना कळेना. म्हणाले, मशीन कमी पडतंय, हितेंद्रनं फसवलं, याहून मोठं कार्ड घ्यायला हवं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा दुकानांच्या फेऱ्या सुरू होणार म्हणून माझ्या नाकी नऊ आले. पण हे गेलेच नाहीत. रोज दुपारी तेवढाच तुकडा लावून बसतात. कापतात, आणि परत जोडतात.

काल मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. विनीतचं लग्न मार्गशीर्षात आहे. यंदा घरात सून नाही, माझे गुडघे विहिरीपर्यंत जात नाहीत. आमच्याकडे गौर माहेरवाशिणीनंही आणलेली चालते, आणि मला लेक नाही. तेव्हा यंदा गौर कादंबरी आणेल. विनीतला मी सांगेन, रुपालीला मी सांगेन, चाळीत कोणी विचारलं तर त्यालाही मी सांगेन. मला वाटलं होतं हे भडकतील, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते. ह्यांनी व्हिडिओ थांबवला. मग पाठमोरेच म्हणाले, ‘ती येईल का?’ ते तुलाच विचारायला हवं, म्हणून तुला लिहिते आहे.

तुझीच,
मालन
(आई म्हणायचीस, ते अजून चालेल.)