आजीच्या फोटूत सापडलेली फाईल

सृष्टी,

कम्प्यूटर चालू झालाय. दुरुस्तीवाल्यानं पेन ड्राईव्ह लावून उटवला आन हरवलेली फाईल जाग्यावर ठिवली. तुजा प्रोजेक्ट हाय तसा हाय.

ती फाईल तुज्या आईनं न्हाय, म्या हलवली. परवा घरात कुनी नव्हतं, तवा तुज्या आजीचे फोटू बघत बसलो हुतो. बघता बघता भलतंच काय तरी उगडलं. तितं एक फाईल समद्या कप्प्यांच्या भाईर एकलीच दिसली. मी मेंढरं राखलेला मानूस, चुकार कोकरू दिसलं की हात गप बसतोय व्हय? ढकलली आजीच्या फोटूत. दुरुस्तीवाल्याला ठिकाना मीच सांगितला. कुटलं कोकरू कुटं घातलं ते मी इसरत न्हाय.

तू आईला आडानी म्हनलीस, तवा मी भाकरी मोडत गप बसलो. ती रडत माहेरी गेली, तरी गपच.

आता अक्कलकोटच्या येष्टीनं तिला आनाया चाललोय. माजं मी तिला सांगतो. तुजं तू दारातच सांग, तिनं चपला काडायच्या आदी.

आमटी झाकून ठिवलीया. तिगांची हाय, एकटी खाऊ नगंस.

तुजा आजा, आप्पा