दोन साक्षीदार

सर, आज वाळूजला कंपनीत मला तुमचं वाक्य वापरावं लागलं, म्हणून लिहायला बसले. नव्या पोरींना काम शिकवायची ट्रेनरची जागा निघाली होती आणि मला ती पाहिजेच होती. मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्यात असा कोणता गुण आहे? आपल्याकडं स्वतःचं कौतुक स्वतःच केलं की आई डोळे वटारते. एकदम खुलताबादची शाळा आणि तुमचा इंग्रजीचा तास आठवला.

दर शनिवारी तुम्ही एकेकाला उभं करायचा. ‘आय ले क्लेम टू’, म्हणजे ‘माझा दावा आहे’, असं म्हणून आपला एक गुण सांगायचा आणि वर्गातून दोन साक्षीदार द्यायचे. साक्षीदार नाय तर खाली बस! एका शनिवारी माझी पाळी आली. मी उभी राहिले, म्हटलं, “सर, माझ्यात काहीच नाय.” तुम्ही डस्टर आपटलंत. “अगं, ‘ले क्लेम’ हा भारदस्त शब्द आहे, हक्कानं सांगायचा! मोठी माणसं तो बहुतेक नकारात वापरतात, मी विद्वान असल्याचा दावा करत नाही वगैरे. पण तसं म्हणायलाही आधी जवळ काही असावं लागतं. बोल!” रडकुंडीला येऊन मी ‘पेशन्स’ म्हटलं. दोन मैत्रिणी पटकन उठल्या. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, तुमचा गुण?” तुम्ही हसलात. “मी चांगला शिकवतो, असा क्लेम मला अजून करता येत नाही. माझे साक्षीदार अजून लहान आहेत.”

आज मी म्हटलं, “आय कॅन ले क्लेम टू पेशन्स.” साहेब हसले, “एवढं पुस्तकी इंग्रजी कुठून आणलं?” म्हटलं, “आमच्या सरांचं आहे. साक्षीदार बी आहेत, खाली लाइनवर कामाला. बोलवा.” खरंच बोलावलं की हो! मी शिकवलेल्या दोघी हातमोज्यांसकट आल्या. सिल्लोडची पोरगी म्हणाली, “ताई लई शांतपणे शिकवतेत. कितींदा बी विचारा, सांगतेत.” दुसरी म्हणाली, “व्हय, पण मधूनच लई चिडतेत.” सगळे खो खो हसले. जागा मला मिळाली, सर. सोमवारपासून.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पाठवणार तरी कुठं? चिडते ते खरंय, आणि ते तुमच्याकडूनच उचललंय. पण तुमचा राहिलेला क्लेम आता बिनधास्त करा. एक साक्षीदार मोठी झालीय. दुसरी सोमवारी येणाऱ्या पोरींमधून तयार करते.