फोटोच्या खोलीतले चार दिवस

आबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय, तेही शहाद्यातल्या एका छोट्या दवाखान्याच्या एक्स-रेच्या खोलीत बसून. खोलीला खिडकी नाही. बाहेरचा बाक आत्ता रिकामा झालाय, तरी मला उठवत नाही.

सोमवारी डॉक्टरांनी मला फक्त प्रिंटर बघायला बोलावलं होतं. मी नको तो शहाणपणा केला, कुणी सांगितलं नसताना कॉम्प्युटरची सगळी प्रणाली अपडेट करून टाकली. एक्स-रे मशीन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कार्डाशी बोलणारी दोन मॉड्यूल त्यात निकामी झाली. मॉड्यूल म्हणजे कर्नलला, कॉम्प्युटरच्या मूळ गाभ्याला, बाहेरून जोडलेला भाग. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलीय, हाती होता तो जुना सोर्स कोड, मॉड्यूल ज्यातून बनतं ते मूळ लिखाण. तो नव्यानं बिल्ड करायला घेतला, तर पहिलं मॉड्यूल निमूट तयार झालं आणि दुसरं अडून बसलं: अमुक सिम्बॉल सापडत नाही, तमुक सापडत नाही. सिम्बॉल म्हणजे इतर भागांकडून करून घ्यायच्या कामांची नुसती नावं. अशी सात नावं गायब. मी काय करावं? त्या तक्रारीच तेवढ्या बंद केल्या. मॉड्यूल तयार झालं, मी खूश. चढवायला गेलो तर कर्नलनं तीच सात नावं माझ्या तोंडावर फेकली.

त्या दुपारी नेमकी लाइट गेली होती. "लाइटमुळेच बिघडलं ना?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मी होय म्हणून मान हलवली. तिथंच अडकलो. मंगळवारी तोरणमाळकडची एक बाई मुलीचा मोडलेला हात ओढणीत बांधून आली होती, तिला तशीच नंदुरबारच्या बसमध्ये बसवावं लागलं. पोरगी रडतही नव्हती. मी दार लोटून घेतलं.

तुमचं म्हसावदचं मोटार भरायचं, जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आठवतं. तुमच्याकडून एकदा कनेक्शन चुकलं आणि कळसाडीच्या एकाची बोअरची मोटार जळाली. तो बिचारा व्होल्टेजला दोष देतोय, आणि तुम्ही हातातला पाना खाली ठेवता. "नही भाऊ, मन्हा हातथून जळनी." चार गिऱ्हाइकांसमोर! मी दहावीत होतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी तुमच्यावर ओरडलो, गप्प बसायला काय झालं होतं म्हणून. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "मंग तो फुकट लाइनमनले शिव्या देई." मला ते तेव्हा निव्वळ भाबडेपण वाटलं.

आज सकाळी एका म्हाताऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, "भाऊ, आज तरी फोटो निंघी का?" त्यानंतर तासाभरात चूक सापडली. ती सात नावं पहिल्या मॉड्यूलमध्येच होती. मी दोन्ही नीटनेटकी वेगळ्या फोल्डरांत बांधली, आणि पहिल्याच्या नावांची यादी कुठं आहे ते दुसऱ्याला सांगितलंच नाही. एक ओळ वाढवली आणि मशीन सुरू झालं. म्हाताऱ्याचा फोटो पहिला निघाला.

डॉक्टरांनी चहा मागवला, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि रजिस्टर पुढं केलं. बिघाडाचं कारण लिहायचं होतं. हे पत्र कुठंच टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतो. मी "वीज गेल्यामुळे" असं लिहिलं, आबा, आणि खाली सही केली, तुमचं आडनाव स्पष्ट वाचता येईल अशी.