डब्याचे ब्रेक

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार
आज पुन्हा तेच. दत्तोबाने जीपचा ब्रेक दाबला, जीप थांबली, आणि मागच्या डब्याने तिला असा धक्का दिला की पुढचा सायकलवाला थोडक्यात वाचला. डब्याला स्वतःचे ब्रेक आहेत. विजेवर चालणारे, जीपमधली दांडी ओढून लावायचे. फक्त लागत नाहीत.

डबा म्हणजे साहेबाची घरगाडी. दोन चाकं, आत पलंग, खिडकीला पडदे. आमच्या कंपनीत मशिनं बसवायला आलेला परदेशी साहेब रजेच्या दिवशी जीपमागे जोडून हिंडायचा, कधी मलाही घाटात न्यायचा. जाताना इथेच टाकून गेला. लिलावात चाकणच्या दत्तोबाने जीपसकट घेतला आणि कांदा बाजारात उभा करून आत बैठक मांडली. पलंगाखालून अजून कांद्याची सालं निघतात.

मला डबा हवाय तो हिच्यासाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून हिला बसून प्रवास होत नाही. एकदा टॅक्सीत आडवी करून नेली, तळेगावच्या आतच परत फिरलो. माहेर घाटाखाली, पेणच्या पलीकडे. तिथे हिचे तात्या, थोरले भाऊ, अंथरुणाला खिळलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही त्याला तीन वर्षं होतील. दत्तोबाने दसऱ्याआधीच शब्द दिला होता, "काकूंसाठी डबा कवाबी न्या."

पण वसंताची अट. "बाबा, डब्याचे ब्रेक धरल्याशिवाय आई त्यात बसणार नाही. खंडाळ्याचा घाट आहे तो." मुलगा बरोबर बोलतो. म्हणून जास्त राग येतो.

१६ नोव्हें., गुरुवार
वसंताची सुट्टी. डबा आमच्या दारात, त्यामुळे अख्खी काळेवाडी दारात.
"काका, विजेवर ब्रेक? मग लाइट गेली की?"
बॅटरीवर चालतो, म्हणालो.
"आन् बॅटरी उतरली की?"
घरी जा, म्हणालो.

जन्मभर कंपनीत मोटारींचं वाइंडिंग केलं, म्हणून आधी वीज तपासली. प्लगमध्ये हिरवा गंज होता, तो घासून काढला. अर्थिंगची तार नवी जोडली. मग चाकाजवळ होकायंत्र धरलं आणि वसंताला जीपमधली दांडी ओढायला सांगितली. सुई फिरली. दोन्ही चाकांपाशी फिरली. म्हणजे वीज पोचते, आतलं चुंबक जागं होतं. ते चाकातल्या ड्रमला चिकटायचं, फिरत्या ड्रमाबरोबर ओढलं जायचं, त्या ओढीने पट्ट्या फाकायच्या आणि चाक धरायचं. इतकं सोपं. मग चाक का धरत नाही?

सुई थरथरून स्थिर झाली तेव्हा शाळेतली एक दुपार आठवली. कविता म्हणायला गुरुजी उभं करायचे. गुडघा असाच थरथरायचा, आणि चाल सापडली की आपोआप थांबायचा. काय ती चाल! नदी, काठचं झाड, झाडावरचे…
"बाबा! दांडी सोडू का? बॅटरी मरेल!"
किती वेळ गेला कोण जाणे.

१९ नोव्हें., रवि.
वीज आहे तर पट्ट्याच सैल असणार. चाक जॅकवर घेतलं. मागच्या पत्र्याला खाच आहे, तिच्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवायचं. चाक अडेपर्यंत आवळायचं, मग जरासं मागे घ्यायचं, म्हणजे पट्टी ड्रमला नुसती कुजबुजत राहते. साहेबाला करताना पाहिलं होतं. तो ओणवा होऊन करायचा. मी पाठ टेकून केलं, आणि मला उठवायला दोन माणसं लागली.

संध्याकाळी दत्तोबा आला. जीप पळवली, दांडी ओढली. डबा किंचित अंग चोरतो, मग निर्लज्जासारखा पुढे येतो. दत्तोबा म्हणे, "काका, येवढं कशाला मनावर घेताय? उतारावर बारक्या गियरमधी टाकायची. बास. कांद्याचा ट्रक कसा उतरतो?"
"माझी बायको कांदा नाही."
तो हसला. मी नाही.

२२ नोव्हें., बुध.
हिचा भाचा पेणहून आला. सोबत पोह्याचे पापड. म्हणाला, तात्या आता फारसं बोलत नाहीत. सकाळी उठले की एकच विचारतात, माली आली का. कुणी नाही म्हटलं की कुशीवर वळतात.

हिने पापडाचा डबा उशाशी ठेवला. भाचा गेल्यावर म्हणाली, "तुमचं चाक थांबायचं कधी, आणि माझं चालायचं कधी?" मी अंगणात गेलो आणि पुन्हा तारा तपासल्या. तारा चांगल्याच आहेत. त्याचाच वैताग.

२५ नोव्हें., शनि.
शेवटी ड्रम उतरवला. नट असा धरून बसला होता की हातोडीने… जाऊ दे. ड्रम निघाला आणि आतून तेल गळायला लागलं. मिशीला तूप लागावं तसं पट्ट्यांच्या कडेकडेने.

दत्तोबाला बोलावलं.
"हे काय आहे?"
"त्याल हाय की."
"कुणी घातलं?"
"आमी! खंडेनवमी न्हवती का? ट्रॅक्टर, पंप, जीप, समद्याची पूजा केली. ह्यो डबाच तेवढा कोरडा ठिवायचा व्हय? मिस्त्रीकडनं चाकं खोलून घेतली तर आत निस्ता गंज. चांगलं मुरंपत्तुर त्याल सोडलं, हळद-कुकू लावलं, मग बंद केलं."

हळद-कुंकू होतंच. पट्टीवर, चुंबकावर, सगळीकडे. तेलात भिजून विटकरी झालेलं.

 खंडेनवमीला कंपनीत आम्हीही प्रत्येक मशिनला तेल देत होतो, झेंडूचा हार घालत होतो. पण ब्रेकला तेल? सगळ्या यंत्रांत हा एकटाच असा की ज्याला कोरडं ठेवणं हीच त्याची पूजा. आणि मी दहा दिवस होकायंत्र घेऊन वीज शोधतोय! ओरडणारच होतो. तर हा म्हणतो, "काकूंना न्यायचं ठरलं हुतं ना, म्हनून तर आतपत्तुर केलं. न्हाईतर वरनंच हार घातला असता."
आता अशा माणसावर ओरडायचं कसं?

२६ नोव्हें., रवि.
पट्ट्या पेट्रोलने धुतल्या. कोरड्या दिसल्या. उन्हात ठेवल्या तर पुन्हा घाम फुटला. पुन्हा धुतल्या, पुन्हा फुटला. पोटापर्यंत प्यायल्या आहेत. आता नव्याच घालायला हव्यात.

२९ नोव्हें., बुध.
पिंपरीत ब्रेक लायनरचं दुकान.
"कुठली गाडी?"
"गाडी नाही. घर आहे."
दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. खाली बसा म्हणाला, पाणी मागवलं. जुनी पट्टी टेबलावर ठेवली तेव्हा हायसं वाटलं त्याला. "असा माल इथं नाही येत, राव. ट्रकचा कापून देतो, रिपिट मारून." दिला. घरी आणला तर जाड. ड्रम वर चढेचना. दिवसभर कानशीने घासत बसलो. हातापायांवर काळी पूड. ही खाटेवरून बघत होती. "लग्नात हळद लावून बसला होतात ना, तेव्हाही असंच तोंड होतं," म्हणाली.
जेवणावर राग काढला. मीठ नाही म्हणालो. मीठ होतं.

३० नोव्हें., गुरु.
चाचणी. मोशीच्या पुढे रस्ता नदीकडे उतरतो तिथे. वसंता गाडी चालवायला, दांडीवर मी, दत्तोबा मागे डब्यात हौसेने. उतार लागताच दांडी ओढली. चाकं जागच्या जागी गोठली, डबा किंचाळला, दत्तोबाचं डोकं छताला.
"लागला की वो काका, लागला!" डोकं चोळत नाचतोय.
वसंता नाचला नाही. "इतका लागला तर घाटात डबा आडवा होईल. आई आत असेल." दांडीखाली बटण आहे, त्याने वीज कमीजास्त होते. कमी केली. पुन्हा उतरलो. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला मऊ लागला, मागून कुणी पदर धरून ओढावं तसा.

घरी आल्या आल्या हिने विचारलं, "लागला?"
"लागला, पण…"
"तुमचं 'पण' मी चाळीस वर्षं ऐकतेय. पुढचं सांगा."
पुढचं म्हणजे उजवा ड्रम डाव्यापेक्षा तापतो. सांगितलं. ही म्हणाली, "माझाही उजवाच खुबा. तो तापतो म्हणून मी थांबत नाही."

३ डिसें., रवि.
आज हिला डब्यात निजवून काळेवाडीत फेरी. तीन वर्षांत पहिल्यांदा ही घराबाहेर आणि चेहऱ्यावर कळ नाही! मी हिच्याजवळ बसलो, जीप दत्तोबाकडे, सपाट रस्ता. खिडकीतून झाडांचे शेंडे आणि आभाळ, बाकी काही नाही. "कांद्याचा वास येतो," म्हणाली, पण पडदा सारखा बाजूला करत होती. चौथीच्या पुस्तकातली ती नदीची कविता मी सुरू केली. हिने लगेच हात वर केला. "ही चाल नाही." आमच्या गुरुजींची हीच. "आमच्या बाईंची वेगळी." मग दोघेही आपापल्या चालीवर. दत्तोबाने जीप थांबवली, मागे येऊन विचारलं, काय तुटलं का म्हणून.

खाली उतरलो तर दारात वसंता. "ही सपाटी आहे बाबा. घाट नाही." आणि मग, "घाटात दांडी तुमच्या हातात. तिथं कविता म्हणायची नाही."
मला काय लहान पोर समजतो! अर्ध्या ताटावरून उठलो.
बरोबर बोलतो, म्हणून.

५ डिसें., मंगळ.
भाच्याचा फोन, शेजारच्या दुकानात. तात्यांनी कालपासून पाणीसुद्धा… चमच्याने देतात. हिला सांगितलं. हिने वसंताकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. वसंता म्हणाला, "गुरुवारी माझी सुट्टी आहे. निघू." जीप दत्तोबा बुधवारी आणून ठेवतो म्हणाला. डब्याला पूजा करू नकोस, एवढंच सांगितलं त्याला.
"नारळ तरी?"
"बाहेरून."

७ डिसें., गुरु. खंडाळा
सकाळी उजाडता निघालो. वडगाव, कामशेत, लोणावळा. वसंता सावकाश चालवतो. ही मागे डब्यात, सोबत सूनबाई. दर थोड्या वेळाने थांबून विचारतो. "चला हो," एवढंच उत्तर येतं.

घाट सुरू व्हायच्या अलीकडे, ट्रक उभे राहतात तिथे थांबलो आहोत. खाली उतरून ड्रमला हात लावला. डावा कोमट. उजव्यावर हात ठेवता येतो, पण धरून ठेवता येत नाही. अजून उतार लागायचाय! म्हणजे ती पट्टी मुळातच घासतेय. जाड राहिली कुठेतरी, माझी कानशी पोचली नाही तिथे.

वसंता म्हणाला, "तुम्हाला कळतं त्यातलं. सांगा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने अट घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं.

दातेरी चाक एक दात मागे घेतलं तर ड्रम थंड राहील, पण उजवीकडची पकड कमी होईल. नाही घेतलं तर पकड राहील, पण अर्ध्या घाटात तापून ती पट्टी हात सोडून देईल. साहेब असता तर हसून काहीतरी केलं असतं. काय केलं असतं? मी तेव्हा डोंगराकडे बघत होतो.

डब्याखाली शिरलो, खाचेत स्क्रूड्रायव्हर घातला. वरून, फळीच्या पलीकडून हिचा आवाज. "अहो, तात्या दुपारचे जागे असतात. मग झोपतात."
"हो," म्हणालो.
"झालं का तुमचं?"
"झालं."

झालेलं नाही. ड्रम निवेपर्यंत चाकाशी बसून हे लिहितोय. वसंता स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघतोय. स्क्रूड्रायव्हर अजून खाचेतच आहे.