पाहुण्यांना दिलेलं मैदान

बाबा, आज फ्रीगंजच्या आपल्या मैदानातला बास्केटबॉलचा शेवटचा खांबही कापला. पुढच्या सिंहस्थासाठी पार्किंग पक्की करताहेत म्हणे. मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, "भैया, इसको तो रहने दो." तो म्हणाला, "मैडम, पार्किंग में खंबे का क्या काम?"

तुमची लीग याच खांबाखाली सुरू झाली. देवास, रतलाम, शाजापूर, मग नाक मुरडत का होईना, इंदूरवालेही यायला लागले. बँकेतून सुटलात की तुम्ही बाह्या दुमडून मातीवर पाणी मारायचात, चुन्याच्या रेघा ओढायचात. आणि मॅचच्या सकाळी आपलं स्वयंपाकघर म्हणजे निव्वळ धर्मशाळा. आई पोह्यांचं पातेलं उतरवते आहे, मी शेव आणि वरून भुरभुरायचा जीरावन मसाला घेऊन उभी आहे, मॅच माझीही आहे, पोटात कावळे ओरडताहेत, आणि तुम्ही दारातून दटावताय, "आधी पाहुण्यांची टीम. आपल्या पोरी नंतर." कैकदा आम्ही तळाची खरवड खाऊन खेळलो. मैदानाची सावलीची बाजूही त्यांनाच. लोक आपल्याला हसायचे, पण इथे खेळायला मिळावं म्हणून भांडायचेसुद्धा.

मग सिंहस्थ आला. यात्रेकरूंच्या तंबूंसाठी मैदान मागायला माणसं घरी आली, तेव्हा मी चहा देत होते. न राहवून बोलले, बाबा, देऊ नका. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "महाकालाच्या गावात राहून पाहुण्याला जागा नाही म्हणतेस?" परत कधी देणार, एवढंही विचारलं नाहीत. पाहुण्याला कोणी विचारतं का, कधी जाणार म्हणून!

तंबू गेले, गाड्या आल्या, त्या राहिल्याच. देवासची चांगली पोरं इंदूरने ओढली, रतलामची टीम वाट बघून मोडली. तुम्ही देवास गेटपर्यंत पाय मोकळे करून येतो सांगायचात आणि मैदानालाच चक्कर मारून यायचात. आईला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणातही विचारलंत, "मैदान खाली झालं का गं?" मी म्हटलं, हो जाएगा बाबा. नाही झालं. आता होणारही नाही. माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण सिंहस्थात तंबूंपुढे पोळ्या भाजणाऱ्या बायकांना तुम्ही पाण्याच्या बादल्या भरून देत होतात, आणि इतके खूश मी तुम्हाला फायनललाही पाहिलं नव्हतं. मग भांडू तरी कुणाशी?

हे पत्र जाणार कुठे? रामघाटावर सोडलं तर नुसतं भिजेल. राहू दे माझ्या पर्समध्येच. एक तेवढं सांगून टाकते. ऑफिसला जाताना मीही स्कूटर तिथेच लावते, कित्येक वर्षं. दुसरीकडे जागाच मिळत नाही. सावलीच्या बाजूला जागा रिकामी असते, बाबा. तरी मी उन्हात लावते.