चार नंबरचं पत्र

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवर भागवून घे.) तुझी साखर, तुझी कंबर आणि तुझ्या वरच्या मजल्यावरची ती टाचा आपटत चालणारी बाई, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण तुझी भावजय समोरच बादलीपाशी चादर पिळत बसली आहे आणि मी मोठ्यानं पुटपुटत लिहितो ही माझी जुनी खोड. तिनं मान वर न करता खोटं लिहू नका म्हणून सांगितलं. तेव्हा खरं लिहितो.

विषय कपडे धुण्याच्या मशीनचा. बत्तीस वर्षं मी कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात काढली, आणि निघताना कंपनीनं घड्याळबिड्याळ न देता आपल्याच कारखान्यातलं मशीन दिलं, हे तुला ठाऊक आहेच. (तेव्हा तू म्हणाली होतीस, जपून रे. मी हसलो होतो.) मशीन धुतं छान. पण कपडे पिळायची वेळ आली की चालायला लागतं. आधी वीतभर चालायचं, मग हातभर. गेल्या महिन्यात मी आत दाढी करत असताना ते निघालं ते थेट बाथरूमच्या दाराला जाऊन टेकलं, तिथं वायर सुटली आणि गप्प झालं. दार आत उघडणारं. मी आत, मशीन आत, तुझी भावजय बाहेर. ओल्या फरशीवर मशीन ढकलायला गेलो तर मशीन जागच्या जागी आणि मीच मागे. शेवटी सुतारानं येऊन दाराचा वरचा अर्धा भाग कापून काढला आणि अर्ध्या गालाला साबण लावलेला तुझा भाऊ शेजाऱ्यांच्या साक्षीनं बाहेर आला. तेव्हापासून आमच्या बाथरूमला तबेल्यासारखं अर्धंच दार आहे. आत जाताना खोकावं लागतं.

त्या दिवसापासून मशीन बंद. पाच आठवडे झाले, ती हातानं धुते आहे. मनगटं सुजतात गं तिची. सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही, मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवते, आणि मला ते बघवत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बोलली ती एकदाच: येत्या रविवारपर्यंत मशीन सुरू झालं नाही तर माझे कपडे माझे, आणि तिचेही माझेच. आज मंगळवार आहे.

आता तू म्हणशील, अरे, कंपनी तुझी, विभाग तुझा, एक फोन कर. केला की! तीन मेकॅनिक येऊन गेले. पहिल्यानं फरशीला दोष दिला, दुसऱ्यानं पाण्याला, तिसऱ्यानं आम्हाला. मी शांतपणे ऐकत होतो, कारण हा क्रम माझा आहे. आधी फरशी, मग पाणी, मग ग्राहक. नव्या पोरांना मीच तो पाठ करून घेत असे. तिसरा तर इतका सफाईनं बोलला की माझा ऊर भरून आला आणि मी त्याला चहा पाजला. (त्यावर तुझी भावजय जे बोलली ते लिहिता येत नाही.)

मग मात्र ठरवलं, आता चारचौघांत जायचं. तुझ्या भाचीनं फोनवरून शिकवलं आणि कंपनीच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल अशी, तक्रार टाकली. मुद्दे अकरा, तारखांसकट. सोबत अर्ध्या दाराचा फोटो, त्यात दारावरून तुझ्या भावजयीचं डोकं दिसतं. (तिला अजून माहीत नाही.) खाली माझं नाव आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, म्हणजे वाचणारा खुर्चीतून ताडकन उठला पाहिजे. बत्तीस वर्षं तक्रारी ज्यानं झेलल्या, त्याच्याइतकी नेटकी तक्रार दुसरं कोण करणार? दोनशेबारा लोकांनी वाचली. चाळीस जणांनी बदाम पाठवले. एका बाईंनी फरशी कुठून घेतली ते विचारलं, दोघांनी सुताराचा नंबर मागितला (त्याला कामं मिळाली, मला नमस्कार करतो), आणि एक गृहस्थ रोज तिथं येऊन न चुकता शुभ सकाळ लिहून जातात.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, तेही सगळ्यांदेखत. "प्रिय ग्राहक, आपणांस झालेल्या त्रासाने आम्ही व्यथित आहोत. आपला विषय संबंधित विभागाकडे तातडीने पाठवण्यात आला आहे." ताई, दुसऱ्या ओळीला माझे डोळे पाणावले. अगं, ते माझं पत्र! मी स्वतः लिहिलेलं, स्वल्पविरामासकट. आमच्याकडे चार पत्रं तयार असत. एक नंबरचं गरीब लोकांना, दोन नंबरचं तापट लोकांना, तीन नंबरचं वकिलाचं नाव काढणाऱ्यांना. आणि चार नंबरचं, ज्यांचं म्हणणं खरं असेल त्यांना. त्यांच्याशी वाद घालता येत नाही ना, मग त्यांना दमवायचं. मी लगेच तुझ्या भावजयीला ते वाचून दाखवलं. 'दिलगीर' म्हटलं तर चूक कबूल होते, 'व्यथित' म्हटलं की नुसतं वाईट वाटतं, ही त्यातली खुबीही समजावली. तिनं उशीचा अभ्रा झटकला आणि विचारलं, चार नंबर गेल्यावर परत किती जणांनी लिहिलं? मी अभिमानानं सांगितलं, एकानंही नाही.

"म्हणजे ते सगळे अजून हातानंच धुताहेत," ती म्हणाली.

रात्रभर लाज वाटली, तुझ्यापाशी काय लपवायचं. पण म्हणून खचलो नाही. किल्ला मीच बांधला आहे, त्याच्या चोरवाटा मलाच ठाऊक. रविवारच्या आत मशीन सुरू करून दाखवतो की नाही बघ.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एकानंही नाही, हे तितकंसं खरं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका बाईचा आमच्याच कंपनीचा टेबलफॅन बिघडला होता. तिला चार नंबर गेलं, तिनं परत लिहिलं. परत गेलं, परत लिहिलं. चौदा पत्रं! शेवटच्यासोबत तिनं अख्खा पंखा पार्सल करून थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर पाठवला. दोन दिवसांत नवा पंखा गेला. विभागात आम्ही तिला चौदावं रत्न म्हणत असू. ताई, ते रत्न तू. आणि तुला उत्तरं देणारा, न वाचता येणाऱ्या सहीचा तो 'समाधान अधिकारी' मी. तू जेवायला वाढताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस तेव्हा मी, तो माझं ऐकत नाही गं, असं म्हणून मान डोलवत दुसऱ्यांदा भात घ्यायचो. (त्या पिढ्या तुझ्याही होत्या, हे तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.) चुकलो. व्यथित नाही, दिलगीर आहे.

ता. क. दुसरा. खरं सांगू? चोरवाट एकही नाही. मी ठेवलीच नव्हती. तेव्हा मिळेल त्या गाडीनं ये. रागवायचं ते इथं येऊन रागव, पण मग माझ्या तक्रारीखाली लिहायला बस. माझ्यासाठी नको, तिच्या मनगटांसाठी. पुढचं उत्तर काय येईल ते मी तुला आधीच सांगेन. दमायचं कसं नाही, ते तुलाच येतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत तुझ्या भावजयीनं हे पत्र वाचलं. फोटोचंही कळलं. ती म्हणते, ताईंना जरूर बोलवा, पण सोमवारी. रविवारी समाधान अधिकाऱ्यांना कपडे धुताना तिला बघायचं आहे. आत्ताच तिनं कपाटातून धुतलेल्या दोन चादरी काढून रविवारच्या धुण्यात टाकल्या आहेत.